दुर्बिणीऐवजी कॅप्सूल : सिरोसिस, अन्ननलिकेतल्या शिरा आणि घोडबंदर रोडच्या फेऱ्या

माझा लिव्हर सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याचा आजार, दारूमुळे झालेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण रक्त घ्यायला आलेल्या पोरापासून लग्नात भेटलेल्या मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांना आधी तेच विचारायचं असतं. वीसेक वर्षांचा मधुमेह, सुटलेलं वजन आणि लिव्हरमध्ये साचत गेलेली चरबी, एवढंच कारण. २०२२ मध्ये पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली. खडे निघाले किरकोळ, पण लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत आणि प्लीहा वाढलेली दिसली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी चालू आहे.

२०२४ च्या जूनमध्ये मी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघण्यासाठी दुर्बिणीऐवजी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळली. त्याआधी शोधाशोध केली तेव्हा लहान आतड्याच्या कॅप्सूलबद्दल थोडंफार वाचायला मिळालं, सिरोसिसच्या शिरांसाठी ती घेतलेल्या माणसाचा अनुभव मात्र मराठीत हाती लागला नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पतपेढीत हिशेब सांभाळण्यात नोकरी गेली, तेव्हा बिलं आणि क्लेम यांचा भाग जरा जास्त येईल, चालवून घ्या.

आधी शिरांचं थोडक्यात. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून त्यात येणारं रक्त सहजी पुढे सरकत नाही. हे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतला, म्हणजे पोर्टल व्हेनमधला, दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने निघतं. त्यातली एक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांमधून जाते. एवढं रक्त वाहून नेण्याची त्यांची ताकद नसते, म्हणून त्या फुगतात. यांनाच व्हेरिसेस म्हणतात. त्या दुखत नाहीत, खुपत नाहीत. सिरोसिसच्या साधारण निम्म्या रुग्णांना त्या असतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते किंवा काळीकुट्ट शी होते. उपचार मिळूनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत १५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावतात. म्हणून फुटायच्या आधी बघून ठेवायचं.

बघायचं म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून. तिथेच माझं घोडं अडलं. घशात नुसता स्प्रे मारून प्रयत्न झाला होता. नळी पडजिभेपाशी आली की मला इतकी उबळ यायची की सिस्टरचा हात ढकलून मी उठून बसायचे. भूल घ्यावी तर मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्री सीपॅपचं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं, मशीन लावून झोपते. त्यात लहानपणापासूनचा दमा. शिवाय सिरोसिसमध्ये काही झोपेच्या औषधांनी डोकं भ्रमिष्टासारखं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. थोडक्यात, भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ, आधी त्यांची तपासणी आणि पूर्ण तयारीचं ऑपरेशन थिएटर हवं.

६ जूनला फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, झाला, तीन तास उपाशी राहून. खर्च ३,५०० रुपये. उजवा हात डोक्याखाली घेऊन पडायचं, बरगड्यांच्या मध्ये एक छोटी दांडी टेकवतात आणि आतून टिचकी मारल्यागत वाटतं. असे दहा आकडे घेतात. दुखत काहीच नाही. माझा आकडा आला २६.४ किलोपास्कल आणि त्याच आठवड्यातल्या प्लेटलेट्स ८८,०००.

हे दोन आकडे प्रत्येक सिरोसिसवाल्याने पाठ ठेवावेत. २०१५ मध्ये इटलीतल्या बावेनो इथे झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने असं ठरवलं की लिव्हरची स्थिती स्थिर असेल, फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या खाली असेल आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील, तर मोठ्या शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की दुर्बीण टाळता येते. म्हणजे कॅप्सूलही नको न् दुर्बीणही नको. माझ्या ओळखीच्या एका बाईंची दरवर्षी दुर्बीण व्हायची. त्यांनी हे दोन आकडे त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवले आणि ती बंद झाली. माझे दोन्ही आकडे नापास.

दुसरा फाटा गोळीचा. कार्व्हेडिलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने पोर्टल व्हेनमधला दाब कमी होतो आणि हल्ली बऱ्याच रुग्णांना शिरा मोठ्या व्हायच्या आधीच ती सुरू करतात. पण दम्याच्या माणसाला ती गोळी चालत नाही. म्हणजे माझ्यासाठी उपाय एकच उरला : शिरा मोठ्या असतील तर दुर्बिणीतून रबर बँड टाकून बांधायच्या. नसतील तर थांबायचं.

त्यावर डॉक्टरांनी कॅप्सूलचं नाव काढलं, आणि लगेच तिच्यातली खोटही सांगितली. हे मला आवडलं.

"काकू, कॅप्सूल फक्त बघेल. तिच्यातून हवा भरता येत नाही, पाणी मारता येत नाही, बँड टाकता येत नाही. मोठ्या शिरा निघाल्या तर भूल घेऊन दुर्बीण आलीच. खर्च दोनदा."

"आणि लहान निघाल्या तर?"

"तर वर्षभर भूल टळली."

मी आकडे विचारले. सवयच आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २८८ रुग्णांची कॅप्सूल आणि दुर्बीण अशा दोन्ही तपासण्या केल्या. दुर्बिणीला शिरा दिसलेल्या दर शंभर जणांत ८४ जणांच्या कॅप्सूललाही दिसल्या. पुढे २०१४ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १५ अभ्यासांतल्या ९३६ रुग्णांची बेरीज मांडली, तेव्हाही आकडा ८५ च्या जवळपासच आला आणि दुर्बिणीची जागा घेण्याइतकी ही तपासणी पक्की नाही, असा निष्कर्ष निघाला. शंभरात पंधरा जणांच्या शिरा हुकतात, ही काही थोडी चूक नव्हे. ज्याला दुर्बीण सोसते त्याने कॅप्सूलच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला सोसत नाही आणि भूल जोखमीची आहे, त्याच्यासाठी मात्र काहीच न बघण्यापेक्षा हे बरं.

११ जूनला होकार दिला. ही कॅप्सूल रुग्णालयात पडून नसते. लहान आतड्याची सहज मिळते, पण अन्ननलिकेची, म्हणजे दोन्ही टोकांना कॅमेरा असलेली, मागवावी लागते. लहान आतड्याची कॅप्सूल सेकंदाला मोजकेच फोटो काढते, आणि अन्ननलिकेतून तर ती बघता बघता खाली जाते. त्यामुळे अन्ननलिकेच्या कॅप्सूलला फोटोंचा वेग बराच जास्त ठेवावा लागतो. ऑर्डर देताना "अन्ननलिकेचीच ना?" हे काउंटरवर विचारून कोटेशनवर लिहून घ्या. २०,००० रुपये आगाऊ भरले, पावतीवर 'नॉन रिफंडेबल' असा शिक्का. कॅप्सूल यायला दहा-बारा दिवस लागले.

मधल्या काळात कॅशलेससाठी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांच्या, काउंटरवर अर्ज दिला. नकार दुसऱ्याच दिवशी. कारण : निव्वळ तपासणीसाठी केलेला खर्च पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीची पुस्तिका काढून बघितली तर खरंच, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन' असं कलमच आहे, 'एक्सक्लूजन ०४' म्हणून. भांडण्यात अर्थ नव्हता. पण त्याच पुस्तिकेत दोन पानं पुढे एक ओळ होती. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. तिच्याकडे नंतर येते.

२५ जून, मंगळवार. सकाळी साडेआठची वेळ मागून घेतली होती. मधुमेह असेल तर पहिलाच नंबर मागावा, उपाशीपोटी ताटकळत बसलं की साखर उतरते. सकाळची साखरेची गोळी डॉक्टरांना विचारून घेतली नाही. आदल्या रात्री नऊनंतर काही खाल्लं नाही. कळव्याहून ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या रुग्णालयासाठी रिक्षा केली. पाऊस, मेट्रोचं काम आणि माजिवड्याचा जंक्शन हे तिन्ही एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं, पण तासभर आधी निघालो होतो म्हणून निभावलं. साडी नको, सुती पंजाबी ड्रेस घाला. छातीवर चिकटपट्ट्या लावून त्यांच्या वायरी कमरेच्या रेकॉर्डरला जोडतात.

संमतीपत्र इंग्रजीत होतं, चार पानी. मी ते हळूहळू वाचलं आणि जिथे अडले तिथे सिस्टरला विचारलं. महत्त्वाचं कलम एकच : कॅप्सूल आतड्यात कुठे अडकली तर ती काढायला दुर्बीण किंवा ऑपरेशन लागू शकतं. पोटाचं जुनं ऑपरेशन, आतडं अरुंद असणं, गिळायला त्रास, पेसमेकर, यांपैकी काहीही असेल तर ते आधीच सांगायला हवं. आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. माझ्या गुडघ्याचा एमआरआय ठरलेला होता, तो पुढे ढकलला.

कॅप्सूल हातात दिली तेव्हा जरा धस्स झालं. २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड, लहानसं जांभूळ म्हणा ना. दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या आणि आत लुकलुकणारे दिवे. हिचा शोध लावणारे गॅव्रिएल इद्दान हे इस्रायली अभियंते क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करायचे, असं कुठेतरी वाचलं होतं. ते नेमकं त्या क्षणी आठवायला नको होतं.

आता जरा तपशिलात सांगते, कारण मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आधी उभं राहून साधारण १०० मिली पाणी प्यायचं, फेस जिरवणाऱ्या औषधासकट. त्याने लाळ आणि बुडबुडे धुतले जातात. मग उजव्या कुशीवर झोपायचं. पडल्या पडल्या कॅप्सूल जिभेवर ठेवायची आणि स्ट्रॉने एक घोट पाणी घेऊन गिळायची. आडवं होण्याचं कारण असं की उभ्याने गिळली तर ती काही सेकंदांत थेट जठरात जाते, शिरा दिसायच्या राहतात. त्यानंतर दर अर्ध्या मिनिटाला एक घोट, सात मिनिटं. प्रत्येक घोट १५ मिली, म्हणजे मोठा एक चमचा. सिस्टर घड्याळाकडे बघत "घ्या काकू… थांबा… घ्या" म्हणत होती. पहिल्या प्रयत्नात कॅप्सूल जिभेच्या मागच्या बाजूला आडवी झाली आणि मला तीच ओळखीची उबळ आली. सिस्टर म्हणाली, "हनुवटी छातीकडे घ्या." हनुवटी खाली घेतली आणि गेली गुपचूप. मान मागे टाकायची नाही, पुढे वाकवायची. उशी ओली झाली, कानात पाणी गेलं, पण दुर्बिणीचं जे होतं त्याच्या एक शतांशही नाही. घरी दोन दिवस आधी उजव्या कुशीवर झोपून स्ट्रॉने पाणी प्यायची सवय करून बघा, फार उपयोग होतो.

मग उठवून बसवलं. अर्ध्या तासाने पट्ट्या काढल्या. दहा वाजता मी खालच्या कँटीनमध्ये इडली खात होते. बिल एकूण ४६,००० रुपये, त्यातले ३८,००० कॅप्सूलचेच. डब्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर बिलाच्या मागे चिकटवून घेतलं. हे विसरू नका, क्लेमला लागतं.

कॅप्सूल परत द्यायची नसते, ती एकदाच वापरायची असते. पण ती बाहेर पडली का ते बघायचं काम आपलं. यावर जास्त लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी दिसली. दोन आठवडे दिसली नसती तर पोटाचा एक्स-रे काढणार होते.

रिपोर्ट २८ जूनला. डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्रं दाखवली. हवा भरलेली नसल्यामुळे अन्ननलिका मिटलेली असते आणि शिरेची उंची नीट मोजता येत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये बघतात ते असं, की चित्रातल्या गोलाचा किती भाग शिरेने व्यापलाय. चतुर्थांशाच्या वर गेला की ती मोठी शीर. माझ्या चित्रांत निळसर जाड वळ्या सरळ दिसत होत्या, मला दाखवायचीही गरज पडली नाही. दोन चित्रांत त्यांच्यावर लाल रेघा होत्या, म्हणजे भिंत पातळ झाल्याची खूण. जठराचा वरचा भाग नीट दिसलेला नव्हता. तिथल्या शिरांसाठी कॅप्सूल तशीही भरवशाची नाही.

मनातून मी 'लहान' ऐकायची तयारी करून गेले होते. परतीच्या रिक्षात ह्यांनी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. तीनहात नाक्याला सिग्नलवर हे म्हणाले, "मग भुलेच्या डॉक्टरांची वेळ कधीची घ्यायची?" झालं, ठरलं. आठ दिवसांपूर्वी कोणी असं विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. ती लाल रेघ डोळ्यांनी बघितली आणि माझा हट्ट संपला. माझ्या बाबतीत ४६ हजारांनी केलं ते हे.

भूलतज्ज्ञांनी ईसीजी, टूडी एको, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), छातीचा एक्स-रे आणि छातीच्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. त्यात दोन आठवडे गेले. १६ जुलैला सकाळी भरती झाले, सीपॅपचं मशीन आणि दम्याचा पंप बरोबर घेऊन. भूल घेतल्यापासून जाग येईपर्यंतचं काहीच आठवत नाही. पाच बँड टाकले. जठरात शिरा नव्हत्या, ती शंकाही फिटली. संध्याकाळी घरी.

नंतरचे दिवस मात्र सोपे नव्हते. छातीच्या मधोमध दुखत होतं, प्रत्येक घोटाला. पहिला दिवस फक्त पातळ. दुसऱ्या दिवशी नेमकी आषाढी एकादशी, घरभर साबुदाण्याच्या खिचडीचा वास आणि मी ताकाच्या पेल्यावर. त्यानंतर आठवडाभर पेज, गुरगुट्या भात, मऊ शिरा. पोळीचा पापुद्रा, भाकरी, चिवडा काही नाही. बँड पाच ते दहा दिवसांत गळून पडतात आणि तिथे जखम उरते, तेव्हा रक्तस्राव होऊ शकतो. काळी शी झाली किंवा चक्कर आली तर रात्री-अपरात्रीही इमर्जन्सीत यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. फ्रिजवर रुग्णालयाचा नंबर लावला. दुखतंय म्हणून घरातली कोणतीही पेनकिलर घ्यायची नाही, सिरोसिसमध्ये बऱ्याचशा चालत नाहीत. मला पॅरासिटामोल ठरवून दिलेल्या प्रमाणात दिली होती.

बँडिंग एकदा करून भागत नाही. शिरा पूर्ण दबेपर्यंत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा. ६ ऑगस्टला दुसरी वेळ झाली, तीन बँड. तिसऱ्यासाठी २७ ऑगस्ट दिला होता. मी म्हटलं, डॉक्टर, त्या दिवशी दहीहंडी आहे, ठाण्यात रस्ते बंद असतात, रक्तस्राव झाला तर मी परत कशी येणार? ते हसले आणि २९ दिली.

आता ती पेन्सिलीची रेघ. बँडिंग डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर न राहता होणाऱ्या उपचारांत, बसतं, त्याला कॅशलेस विनातक्रार मंजूर झालं. आणि भरती मंजूर झाली की त्याआधीच्या ३० दिवसांतल्या, त्याच आजारासाठी केलेल्या तपासण्यांचा खर्च 'प्री-हॉस्पिटलायझेशन' म्हणून मागता येतो. काही पॉलिसींत ही मुदत ६० दिवसांची असते. २५ जून ते १६ जुलै, २१ दिवस. मुदतीत बसलं! डॉक्टरांची कॅप्सूलची चिठ्ठी, मूळ बिल, आगाऊ रकमेची पावती, स्टिकर, रिपोर्ट, डिस्चार्ज समरी आणि रद्द केलेला चेक असं सगळं जोडून रीइम्बर्समेंटचा अर्ज दिला. त्यांनी शंका काढली, ही तपासणी तर आम्ही आधीच नाकारली होती. उत्तरात पॉलिसीचं कलम जसंच्या तसं उतरवलं आणि डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घेतलं, की कॅप्सूलच्या निष्कर्षावरूनच बँडिंगचा निर्णय झाला. डिस्चार्ज समरीतही 'कॅप्सूल एंडोस्कोपीत मोठ्या शिरा आढळल्या' हे वाक्य आहे का ते घरी जायच्या आधी तपासा. नंतर बदलून घ्यायला फार हेलपाटे पडतात.

१९ सप्टेंबरला ४३,२०० रुपये खात्यात आले. किरकोळ वस्तूंचे पैसे कापले. फायब्रोस्कॅनचे ३,५०० नाकारले, ते ४० दिवस आधीचे होते, बरोबरच आहे. पुढची दुर्बीण त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ठरली, शिरा पुन्हा फुगल्या का ते बघायला. कॅप्सूल नाही, सरळ भूल घेऊनच.